घरच्या घरी मागचा स्वे बार बसवताना: तयारीपासून पहिल्या फेरीपर्यंत

कात्रजच्या जुन्या घाटातून उतरताना किंवा ताम्हिणीतली वळणं घेताना गाडी बाहेरच्या अंगाला कलते आणि मागे बसलेली माणसं नकळत हँडल धरतात. हे कलणं कमी करायचं म्हणून बरेच जण थेट कडक स्प्रिंग टाकून मोकळे होतात आणि मग ऑफिसच्या रोजच्या रस्त्यावर प्रत्येक खड्डा कंबरेला जाणवतो. माझ्या मते आधी हात घालावा तो स्वे बारला. सरळ रस्त्यावरचा आराम बऱ्यापैकी टिकतो, वळणावर गाडी ताठ राहते, आणि मागचा बार असेल तर काम सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोघांना सुट्टीच्या दिवशी आरामात जमतं.

पुण्यातल्या नाना पेठेत सुटा भाग मागताना ‘स्टॅबिलायझर बार’ म्हणा, मॅन्युअलमध्ये ‘अँटी-रोल बार’ शोधा. वस्तू तीच.

बार नक्की काय करतो

हा इंग्रजी ‘यू’ आकाराचा स्प्रिंग स्टीलचा दांडा. मधला भाग दोन रबरी बुशांमध्ये गाडीच्या सांगाड्याला धरलेला असतो आणि दोन्ही टोकं लिंक रॉडने, म्हणजे दोन्हीकडे सांधा असलेल्या छोट्या दांडीने, डाव्या-उजव्या चाकाच्या आर्मला (चाक धरणाऱ्या दांड्याला) जोडलेली असतात. दोन्ही चाकं एकदम वर गेली, म्हणजे सरळ स्पीडब्रेकरवर, तर बार बुशांत नुसता फिरतो आणि जवळपास काहीच करत नाही. एक चाक वर आणि दुसरं खाली गेलं की दांड्याला ओला टॉवेल पिळावा तसा पीळ बसतो. तो पीळ सुटायला बघतो आणि गाडीला आडवं सरळ करतो.

थोडक्यात, बारला कळतो तो दोन चाकांच्या उंचीतला फरक. हे डोक्यात ठेवलं की पुढची प्रत्येक पायरी आपोआप समजते: दोन्ही बाजू एकसारख्या का उचलायच्या, शेवटचं आवळणं गाडी वजनावर असतानाच का करायचं, आणि फार जाड बार टाकल्यावर एका बाजूच्या खड्ड्यात गाडी डोकं का हलवते.

नवीन बार घेण्याआधी जुनं तपासा

पुष्कळदा गाडी कलते, खडखडते, त्याचं कारण बार बारीक आहे हे नसतंच. लिंक रॉडचे बॉल जॉइंट ढिले झालेले असतात किंवा डी-बुश, म्हणजे बार धरणारे ते रबरी बुश, झिजून त्यात फट पडलेली असते. तेवढी फट भरून निघेपर्यंत बार कामालाच लागत नाही. आपल्या खड्ड्यांत पुढचे लिंक रॉड लवकर जातात.

तपासणी सोपी आहे. गाडी सपाट जागी चारही चाकांवर उभी ठेवा, लिंक रॉड मुठीत धरून जोरात हलवा. हाताला टकटक जाणवली किंवा जॉइंटवरचं रबरी बूट फाटून ग्रीस बाहेर आलेलं दिसलं, तर तो लिंक संपला. बुशापाशी बार वर-खाली हलतो का तेही बघा. झिजलेलं असेल तर आधी लिंक आणि बुश जोडीने बदला आणि काही दिवस गाडी चालवून पाहा. अनेकांचं समाधान इथेच होतं, तेही नव्या बारच्या तुलनेत फार कमी खर्चात. टायरमधली हवा तपासायला विसरू नका. हवा कमी असली तरी गाडी वळणात लोळल्यासारखी वाटते.

कोणत्या गाडीवर हे काम घरी करावं

पुढचा बार बहुतेक पुढच्या चाकांच्या ड्राइव्हच्या गाड्यांमध्ये सबफ्रेमच्या, म्हणजे खालच्या जोडचौकटीच्या, वर अडकलेला असतो. तो काढायला सबफ्रेम खाली उतरवावी लागते, कधी स्टिअरिंगचा जोड सोडवावा लागतो, आणि नंतर व्हील अलाइनमेंट आलीच. ते काम लिफ्ट असलेल्या गॅरेजचं. पार्किंगमध्ये करू नका.

जुन्या मारुती ८०० आणि अल्टोच्या बाबतीत तर आणखी जपा. त्यांत पुढचा बार गाडीचं कलणं रोखतोच, शिवाय लोअर आर्मला पुढे-मागे धरून ठेवण्याचं कामही त्याच्याकडेच असतं. तो बदलण्याचा प्रयोग म्हणजे चाकाच्या जागेशी खेळ.

मागचा बार सोपा, पण त्यातही दोन प्रकार. ऑक्टाव्हिया १.८ टीएसआय किंवा होंडा सिव्हिकसारख्या, मागे स्वतंत्र सस्पेन्शन (प्रत्येक चाक आपापलं वर-खाली होतं ते) असलेल्या गाड्यांत कंपनीचाच बार असतो. तो काढून त्याच जागी जाड बार लावायचा. आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅकमध्ये मागे टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही मागच्या चाकांना जोडणारी आडवी तुळई, असते. तिथे तो बीम स्वतःच पीळ घेऊन बारचं काम करतो, आणि बाजारातला बार त्या बीमच्या दोन आर्मना क्लॅम्प किंवा बोल्टने अतिरिक्त जोडला जातो. तुमच्या मॉडेलसाठीच बनवलेला बार मिळत असेल तरच घ्या. बीमला भोक पाडून किंवा वेल्डिंग करून बसवायचा बार कितीही स्वस्त मिळाला तरी नको. बीमवर सतत उलटसुलट ताण येत असतो आणि तडा तिथूनच सुरू होतो.

किती जाड

भरीव बारचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घातात वाढतो. २० मिमीच्या जागी २२ मिमीचा बार लावला तर फरक दिसायला फक्त २ मिमीचा, पण कडकपणा सुमारे ४६ टक्क्यांनी वाढतो. १८ वरून २२ वर उडी मारली तर तो दुपटीच्याही वर जातो. पोकळ बारचं गणित वेगळं, त्यात आतला व्यास चौथ्या घातात वजा होतो. म्हणून बाहेरून जाड दिसला म्हणजे तितकाच कडक असेल असं धरू नका.

पुण्यात रोज चालवायच्या गाडीला एकच पायरी जाड बार घ्या. आपल्याकडे अर्धा रस्ता खोदून बुजवलेला असतो, डावं चाक खड्ड्यात आणि उजवं सपाटीवर अशी अवस्था कायमची. फार कडक बार त्या एका चाकाचा धक्का दुसऱ्या चाकाकडेही पाठवतो आणि गाडी आडवी हिसके देते.

दुसरं कारण त्याहून महत्त्वाचं. मागचा बार कडक केला की मागच्या टायरांची पकड तुलनेने आधी सुटते. पुढच्या ड्राइव्हच्या गाड्या वळणात मूळच्या बाहेर सरकणाऱ्या असतात, म्हणून थोडा कडक मागचा बार गाडीला छान वळवतो. जास्त कडक केला, पावसात रस्ता ओला असला आणि वळणाच्या मध्यात घाबरून ॲक्सिलरेटर एकदम सोडला, तर मागची बाजू बाहेर फेकली जाऊ शकते. बारच्या टोकाला दोन-तीन भोकं असतील तर बाकाकडचं, म्हणजे आतलं भोक जास्त कडक आणि अगदी टोकाचं सर्वांत मऊ. सुरुवात टोकाच्या भोकापासून करा आणि पावसाळाभर तिथेच राहू द्या.

गाडी हमीच्या काळात असेल तर सर्व्हिस सेंटरला आणि एरवीही विमा कंपनीला बदल लेखी कळवा. पुढे दाव्याच्या वेळी वाद नको.

सामान

बोहरी आळीत एका फेरीत बहुतेक सगळं मिळतं: गोट्यांचा (सॉकेटचा) सेट, रिंग पाने, एलन की, टॉर्क रेंच (किती जोराने आवळलं ते सांगणारा पाना), वायर ब्रश, गंज सोडवणारा स्प्रे. दोन दणकट जॅक स्टँड आणि शक्य असेल तर ट्रॉली जॅक. गाडीबरोबर आलेला कात्री जॅक पंक्चर काढण्यापुरता असतो. त्याच्या भरवशावर गाडीखाली जायचं नाही म्हणजे नाही.

बोल्ट वेगळे घ्यावे लागले तर डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असं कोरलेलं आहे का ते बघून घ्या. काहीच खूण नसलेला चकचकीत बोल्ट सस्पेन्शनला लावू नका. नायलॉनची रिंग असलेले नट नेहमी नवे. एकदा सोडवले की त्यांची पकड कमी होते. पॉलियुरेथेनच्या बुशांना सिलिकॉन ग्रीस लागतं, बहुतेक वेळा बारसोबतच पुडी येते. बेअरिंगचं साधं ग्रीस रबरी बुशाला लावू नका, ते रबर फुगवून खराब करतं. आणि जाड बारला जुने बुश चालत नाहीत. बुशाचा आतला व्यास नव्या बारशी जुळतो का, हे दुकानातच बार घालून पाहा.

आदल्या संध्याकाळी

लिंकच्या आणि ब्रॅकेटच्या नटांवर वायर ब्रश फिरवा, स्प्रे मारा, रात्रभर मुरू द्या. एवढं केलं की सकाळचा निम्मा त्रास वाचतो.

आणि एक माप घ्या. गाडी सपाटीवर, रिकामी, चाकांवर उभी असताना मागच्या चाकाच्या मध्यबिंदूपासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर टेपने मोजा, दोन्ही बाजूंचं, आणि कागदावर लिहून ठेवा. उद्या हेच माप कामाला येणार आहे.

गाडी उचलणं

घाई इथे अजिबात करायची नाही. जागा सपाट हवी. बेसमेंटकडे जाणाऱ्या उतारावर किंवा मातीवर नको. सोसायटीत पेव्हर ब्लॉक असतील तर प्रत्येक स्टँडखाली १८ मिमी प्लायवुडचा मोठा तुकडा ठेवा, नाहीतर वजनाने एखादा ब्लॉक खचतो आणि स्टँड कलतो.

बहुतेक गाड्यांचा हँडब्रेक मागच्या चाकांवर काम करतो. मागची चाकं हवेत गेली की तो गाडीला धरून ठेवू शकत नाही. म्हणून पुढच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून लाकडी ठोकळे लावा आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा. ऑटोमॅटिक असेल तर ‘पी’मध्ये.

चाकांचे नट जमिनीवर असतानाच थोडे सैल करा. मग एक बाजू उचलून स्टँड, दुसरी बाजू उचलून स्टँड, दोन्ही एकाच खाचेवर. जॅक आणि स्टँड लावायच्या जागा मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या असतात. टॉर्शन बीमच्या मधोमध जॅक लावायची सवय मोडा. गाडी स्टँडवर बसली की बंपरला धरून जोरात हलवा. हलायचीच असेल तर तुम्ही बाहेर असताना हलू दे. काढलेली चाकं दाराखालच्या पट्टीखाली आडवी सरकवून ठेवा, स्टँड सरकलाच तर गाडी त्यांच्यावर टेकेल. शेजारी एक माणूस सतत हवा. एकट्याने हे काम करू नका.

जुना बार काढताना

सायलेन्सर थंड होऊ द्या. आधी लिंकची खालची टोकं सोडवा. नट फिरवताना बॉल जॉइंटचा आट्यांचा खिळाच सोबत फिरायला लागतो. त्यासाठी खिळ्याच्या टोकाला एलन कीची खाच असते किंवा मागे पातळ पाना लावायला चपटी जागा असते. एका हाताने ती घट्ट धरा, दुसऱ्या हाताने रिंग पान्याने नट सोडवा. खाच आधी टोकदार खिळ्याने खरवडून साफ करा. मातीने भरलेल्या खाचेत की अर्धवट बसते आणि कोपरे गोल होतात, मग तो नट कशालाच दाद देत नाही.

तसं झालंच तर ग्राइंडर काढू नका. मागच्या बाजूला पेट्रोलची टाकी आणि नळ्या असतात, ठिणग्या तिकडे जायला नकोत. हॅक्सॉ ब्लेडने सावकाश कापा आणि लिंक नवीन घ्या.

मग डी-बुशचे ब्रॅकेट. दोन्ही बाजू आलटून-पालटून थोड्या-थोड्या सोडवा आणि शेवटचा बोल्ट काढताना सोबत्याला बार धरायला सांगा. बार सायलेन्सरच्या वरून गेलेला असेल तर सायलेन्सरचे रबरी हँगर सोडवून तो किंचित खाली घ्यावा लागतो. पूर्ण लोंबकळत ठेवू नका, दोरीने बांधा. बार बाहेर ओढताना ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर ओरबाडली जात नाही ना, याकडे एकाने फक्त लक्ष ठेवावं.

टॉर्शन बीमवर अतिरिक्त बार लावत असाल तर ही सगळी पायरीच नाही. बीमवरची माती आणि गंज मात्र ब्रशने साफ करून घ्या.

नवीन बार बसवताना

जुना आणि नवीन बार जमिनीवर शेजारी ठेवून बघा. बाक, टोकांचा कोन, भोकांची जागा जुळली पाहिजे. कोणती बाजू वर आणि कोणती डावी, हे आत्ताच खडूने लिहा.

ब्रॅकेट बसतात ती जागा घासून कोरडी करा. बुशाच्या आतल्या बाजूला सिलिकॉन ग्रीस भरपूर लावा, बारवर चढवा, बुशाची चीर जुन्या बुशाची होती त्याच दिशेला ठेवा. बार वर नेऊन ब्रॅकेटचे बोल्ट हाताने चार-पाच आटे फिरवून सोडा. पान्याने सुरुवात केलीत आणि बोल्ट तिरका बसला तर सांगाड्यातले आटे जातात, आणि ती दुरुस्ती बारपेक्षा महाग पडते.

आता बार मध्यावर आणा. दोन्ही टोकांपासून सांगाड्यावरच्या समान खुणेपर्यंतचं अंतर टेपने मोजून सारखं करा. बार आडवा सरकू नये म्हणून काही बारवर लॉक रिंग येतात, त्या बुशाला चिकटून आवळा.

वजनावर आणून आवळणं

गाडी स्टँडवर असते तेव्हा चाकं पूर्ण खाली लोंबतात. या स्थितीत सगळं कसून आवळलं तर बुश आणि लिंक चुकीच्या कोनात अडकतात. म्हणून चाकं पुन्हा त्यांच्या खऱ्या उंचीवर आणायची. सोपा मार्ग म्हणजे दोन एकसारखे रॅम्प: चाकं परत लावून दोन्ही मागची चाकं एकाच उंचीवर चढवायची. रॅम्प नसतील तर दोन्ही बाजूंच्या आर्मखाली, स्प्रिंगच्या जवळ, एकेक जॅक लावून आर्म हळूहळू वर घ्या, काल लिहिलेलं माप दोन्ही बाजूंना येईपर्यंत. गाडी स्टँडवर टेकलेलीच राहिली पाहिजे. माप येण्याआधीच ती स्टँडवरून उठू लागली तर तिथेच थांबा आणि रॅम्पची व्यवस्था करा.

आता पहिला लिंक जोडा. दुसरा जोडताना नीट बघा: त्याचा बोल्ट भोकातून हाताने सरकून बसला पाहिजे. टोक दाबून, ओढून किंवा पेचकसाने ढकलून बसवावा लागत असेल तर थांबा. म्हणजे बारमध्ये गाडी उभी असतानाच पीळ आहे. तसाच लावलात तर गाडी डावीकडे एका तऱ्हेने आणि उजवीकडे दुसऱ्याच तऱ्हेने वळेल, आणि सपाट रस्त्यावरही एका बाजूचं वजन कमी-जास्त राहील. लांबी बदलता येणारे लिंक असतील तर दोन्ही टोकांचे आटे फिरवून लांबी जुळवा, बोल्ट बोटांनी आत-बाहेर होईपर्यंत. लांबी न बदलणारे लिंक असतील तर दोन्ही बाजूंचं माप पुन्हा तपासा. बहुधा एक चाक दुसऱ्यापेक्षा वर असतं. लिंक आणि बारचं टोक यांच्यात साधारण काटकोन असला की उत्तम.

मग टॉर्क रेंच. आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधला किंवा बारसोबतच्या कागदावरचा. कल्पना यावी म्हणून सांगतो, १० मिमी जाडीचा ८.८ ग्रेडचा बोल्ट साधारण ४५ ते ५० न्यूटन-मीटरला आवळतात. हाताच्या अंदाजाने बहुतेक जण याच्या बरंच पुढे जातात. आवळून झालेल्या प्रत्येक नटावर पेंट मार्करने नट आणि बोल्टवरून एक सरळ रेघ मारा. पुढे नट फिरला तर रेघ तुटलेली दिसते, पाना लावायचीही गरज पडत नाही.

शेवटी टॉर्च घेऊन बारची पूर्ण वाट पाहा. सायलेन्सर, ब्रेकचा होज, टाकी, स्पेअर चाकाचा खळगा, प्रत्येकापासून बोटभर तरी मोकळी जागा हवी. चाक पूर्ण खाली लोंबत असताना आणि वर असताना, दोन्ही वेळा बघा. चाकं अजून लावली नसतील तर लावा, गाडी खाली घ्या, चाकांचे नट एकाआड एक क्रमाने टॉर्क रेंचने आवळा. फक्त बार बदलला असेल तर व्हील अलाइनमेंटची गरज नसते.

पहिली फेरी

आधी सोसायटीतल्याच स्पीडब्रेकरवरून सावकाश. सरळ गेलात तर फारसा फरक जाणवणार नाही, जाणवायलाही नको. मग एकच चाक चढेल असं तिरकं जा आणि खिडक्या उघड्या ठेवून ऐका. टकटक आली तर लिंकचा नट सैल आहे. करकर आली तर बुशात ग्रीस कमी पडलं आहे. एकच जड ठोका आला तर बार कुठेतरी टेकतो आहे. तिथे चमकलेली खूण शोधा आणि गाडी तशी चालवू नका.

मोठ्या रस्त्यावर पहाटे, कोरडं असताना जा. नवीन कात्रज बोगद्याकडून नवले पुलाकडे येणारा उतार यासाठी निवडू नका, तिथे अवजड गाड्या आणि अपघात दोन्ही आहेत. ओळखीच्या वळणावर नेहमीच्याच वेगाने जा. गाडी कमी कलेल आणि स्टिअरिंगला लवकर उत्तर देईल. हा वेग वाढवण्याचा परवाना नाही, हे मी फार गांभीर्याने सांगतो. बारने टायरची पकड वाढत नाही. उलट पूर्वी गाडीचं कलणंच तुम्हाला मर्यादा जवळ आल्याचं सांगत होतं. आता ती सूचना उशिरा मिळेल. वरंध किंवा ताम्हिणीत पावसात जाण्याआधी ही गाडी कोरड्या रस्त्यावर अंगवळणी पडू द्या.

शे-दोनशे किलोमीटरनंतर पुन्हा गाडीखाली बघा, पेंटच्या रेघा जुळतात का ते तपासा आणि नट टॉर्क रेंचने पडताळा. त्यानंतर प्रत्येक सर्व्हिसिंगला एकदा, आणि पावसाळा संपला की बुश सोडवून, चिखल पुसून, नवं सिलिकॉन ग्रीस. मूळ बार, ब्रॅकेट आणि बोल्ट तेल पुसून माळ्यावर जपून ठेवा. गाडी विकताना घेणाऱ्याला बहुधा तोच बार हवा असतो.